अकरा वाजता समोर कुणीतरी हवं

पत्र : ताई, मी चिपळूणला राहते, वय ३४. इंग्रजीतून मराठीत भाषांतराची कामं घेते, बहुतेक कंपन्यांची मॅन्युअल्स, ट्रेनिंगचं मटेरियल, कधीमधी सबटायटल्स. नवरा लोट्याला एमआयडीसीत आहे, तो सातला बाहेर पडतो, मुलगी साडेदहाला शाळेत. म्हणजे अकरा ते दोन वेळ माझा. आणि नेमके हेच तीन तास कुठे जातात मला कळत नाही. लॅपटॉप उघडते, फाइल उघडते, मग मशीन लावून येते, मग मासेवाली येते, मग फोन हातात, की दोन वाजले. खरं काम होतं रात्री अकरानंतर, सगळे झोपल्यावर. पुण्यात ऑफिसला होते तेव्हा माझं असं नव्हतं. एक मैत्रीण म्हणाली, ऑनलाइन कुणाबरोबर तरी व्हिडिओ लावून बस, फोकसमेट म्हणून असतं, समोर अनोळखी माणूस आणि दोघांनी आपापलं काम करायचं. मला हसूच आलं. खरंच चालतं का हे? सुरुवात कशी करू? माझं इंग्रजी लिहायला ठीक आहे पण बोलताना अडखळते. आणि सासूबाईंना वाटेल ही गप्पा मारत बसलीये.
– वाशिष्ठीकाठची

उत्तर :

अगं वाशिष्ठीकाठची,

मासेवाली किती वाजता येते ते तू लिहिलं नाहीस, पण माझा अंदाज साडेअकरा, कारण तोपर्यंत आपण अर्धा तास फाइलकडे नुसतं बघून कंटाळलेलो असतो आणि दारात कुणीही आलं तरी माहेरचं माणूस आल्यासारखं वाटतं. मी नाशकात घरी बसून पुस्तकांची प्रुफं वाचते, माझ्याकडे मासेवालीच्या जागी भाजीवाला आहे एवढाच फरक. एकदा मी त्याच्याशी गिलक्याच्या भावावरून पंधरा मिनिटं हुज्जत घातली होती, आणि आमच्या घरी गिलकी कुणी खात नाही.

तर चालतं का, हो चालतं. पुण्यात होतीस म्हणजे सदाशिव पेठ, नवी पेठेतल्या अभ्यासिका तू पाहिल्या असशीलच. माझा भाचा एमपीएससी करत होता तेव्हा दोन वर्षं तिथल्या एकीत बसायचा. रूमवर टेबल होतं, पंखा होता, पुस्तकंही तीच, तरी हा दर महिन्याला पैसे भरून तीन बाजूंनी फळ्या ठोकलेल्या कप्प्यात बसायला जायचा. मी विचारलं, तिथे कुणी शिकवतं का रे? तर म्हणाला छे, तिथे कुणी कुणाशी बोलतसुद्धा नाही, पण शेजारच्या पोराने पान उलटलं की आवाज येतो, मग आपल्यालाही उलटावंसं वाटतं. बास, व्हर्च्युअल कोवर्किंग म्हणजे एवढंच, शेजारचा पोरगा फक्त स्क्रीनवर असतो. आणि पुण्याच्या ऑफिसात तू जी काम करायचीस ना, ती काही फार शिस्तीची वगैरे होतीस म्हणून नाही, पलीकडच्या खुर्चीत कुणीतरी की-बोर्ड बडवत होतं म्हणून. ते सोबत नेलं नाहीस तू चिपळूणला, लॅपटॉप तेवढा नेलास.

हे लॉकडाउनमध्ये निघालेलं खूळ आहे असं वाटत असेल तर तेही नाही. १८९८ सालचं आहे बघ, अमेरिकेत नॉर्मन ट्रिप्लेट म्हणून मानसशास्त्रज्ञ होते, त्यांना सायकलच्या शर्यतींचे आकडे बघताना दिसलं की एकटा चालवणारा मागे पडतो आणि सोबत कुणी असलं की तोच माणूस जोरात जातो. मग त्यांनी ४० मुलांना गळाची रिळं फिरवायला बसवलं, कधी एकेकट्याने, कधी जोडीने. २० मुलं जोडीने बसल्यावर जास्त जोरात फिरवायला लागली, १० जणांना काही फरकच पडला नाही, आणि १० जणांचं घाईगडबडीत उलट बिघडलं. लोक पहिले २० सांगतात आणि शेवटचे १० खाऊन टाकतात, मला ते १० महत्त्वाचे वाटतात कारण त्यात तू असू शकतेस, काही कामांच्या बाबतीत तर मीही आहे.

कोणत्या कामांच्या, तर ते पुढे रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये नीट मांडलं, की जे काम हाताखालून गेलेलं आहे ते दुसऱ्यासमोर जास्त चांगलं होतं आणि जे नवीन, डोकं खाणारं असतं ते बिघडतं. १९६९ मध्ये तर त्यांनी चक्क झुरळांवर प्रयोग केले. सरळ वाटेने पळायचं असलं की आजूबाजूला नुसती बघणारी झुरळं ठेवल्यावर ते झुरळ अजून जोरात पळायचं, वळणाची वाट असली की मात्र गोंधळून जास्त वेळ घ्यायचं. (कोकणातल्या बाईला झुरळांबद्दल मी काय शिकवणार म्हणा.) यातून तुझ्या कामाचं असं निघतं की मॅन्युअलची ओळखीची पानं, शब्दांची यादी लावणं, दोन महिने पडून राहिलेली बिलं, क्लायंटला करायचा तो नकोसा मेल, हे सगळं सोबतीत लाव. सबटायटलमधला विनोद मराठीत कसा बसवायचा हे मात्र कुणाच्या देखत करायला जाऊ नकोस, ते तसंही भांडी लावताना सुचतं.

आता मी पहिल्यांदा बसले तेव्हाचं सांगते. फोकसमेटवरच, सकाळी सहाचा स्लॉट, पन्नास मिनिटांचा. समोर अमेरिकेतला एक पन्नाशीचा गृहस्थ, तिकडे त्याची रात्र, मागे भिंतीला टेकवलेली सायकल. तो म्हणाला मी टॅक्सचे कागद लावणार आहे, कधीपासून टाळतोय, मी म्हटलं चौदा पानांचं प्रुफ. मग दोघांनी माइक बंद केले. पहिली पाच मिनिटं मला इतकं अवघडल्यासारखं झालं, स्थळ बघायला आलेत असं वाटत होतं, मी मान ताठ ठेवून वाचत होते. मग सवयीने हात फोनकडे गेला. वर बघितलं तर तो मान खाली घालून पावत्या चाळत होता, माझ्याकडे त्याचं लक्षही नव्हतं, तरी मी हात मागे घेतला. तेवढ्यात आमचा कुकर, तीन शिट्ट्या, आणि माइक बंद असल्यामुळे त्याला पत्ताच नाही, मी उठून गॅस बंद करून आले तरी तो कागदातच. शेवटी टिंग वाजलं, मी म्हटलं अकरा झाली तीन राहिली, त्याने अंगठा दाखवला, त्याचे निम्मे कागद लागले होते, बाय. त्यानंतर तो मला परत कधी दिसला नाही. सहा वाजून पन्नास मिनिटांनी माझी अकरा पानं झालेली होती, आणि हे मी एरवी दुपारी एकला सुद्धा छातीठोकपणे सांगू शकत नाही.

फोकसमेटवर असंच असतं, कॅलेंडरमधून वेळ धरायची, २५, ५० किंवा ७५ मिनिटं, समोर कोण येणार ते ते लोक जुळवतात, कॅमेरा चालू ठेवायचा हा तिथला रिवाज. आठवड्याला तीन बैठका फुकट, त्याच्यापुढे पैसे. तुझ्यासाठी एक गोष्ट लक्षात घे, आपल्याकडे सकाळचे अकरा म्हणजे न्यूयॉर्कला मध्यरात्र उलटून गेलेली, लंडनमध्ये जेमतेम पहाट, त्यामुळे या वेळेला इकडचे, नाहीतर ऑस्ट्रेलियाकडचे लोक भेटायची शक्यता जास्त. सकाळी सहा-साडेसहाला अमेरिकेची संध्याकाळ असते तेव्हा गर्दी बरी असते, पण त्या वेळी तुझ्या घरात डबे चाललेले असणार, तेव्हा ते सोड.

इंग्रजीचं म्हणशील तर अगं किती बोलायचं असतं, सुरुवातीला एक वाक्य आणि शेवटी एक. कागदावर देवनागरीत लिहून समोर चिकटव, ‘आय ॲम ट्रान्सलेटिंग फोर पेजेस टुडे’, झालं. मी पहिले आठ दिवस चिठ्ठी ठेवून वाचलंय. समोरच्यालाही तुझ्या उच्चारात रस नसतो, त्याला त्याचं काम टाळायचं नसतं म्हणून तो आलेला असतो.

पण खरं सांगू का, मी तुला पहिले दोन आठवडे तिथे पाठवणारच नाही. आधी ओळखीतलं एक माणूस धर. जिवाची मैत्रीण नको. जिच्याशी तू तासतासभर बोलतेस ती यासाठी बाद, कारण माइक बंद करायला कुणाचाच हात जाणार नाही. जिच्यासमोर थोडं नीट बसावंसं वाटतं अशी कुणीतरी बघ, पुण्याच्या ऑफिसातली जुनी सहकारी, पीएचडी रखडलेली मावसबहीण, क्लास घेणारी शेजारीण जिला पेपर तपासायचे असतात. मी गेली दीड वर्षं जिच्याबरोबर बसते ती मूळची मिरजेची, आता जर्मनीत असते, आपले सकाळचे अकरा म्हणजे तिचे उन्हाळ्यात साडेसात आणि हिवाळ्यात साडेसहा. तिकडे वर्षातून दोनदा घड्याळं मागेपुढे करतात, आपण करत नाही, त्यामुळे मार्चअखेरीला आणि ऑक्टोबरअखेरीला आमच्यातली एक हमखास तासभर लवकर नाहीतर उशिरा येऊन रिकाम्या स्क्रीनकडे बघत बसते. आमचं एकमेकींच्या आयुष्याबद्दल फार बोलणं नाही, पण तिच्या खिडकीतल्या जास्वंदीला कळी आली की मला आधी कळतं.

साधन म्हणशील तर गूगल मीट पुरे. दोघीच असाल तर फुकटात वेळेची अडचण येत नाही, तिसरी आली की ६० मिनिटांनी बंद पडतं. झूम फुकटवालं ४० मिनिटांनी तोडतं, तेवढ्यात नुकता सूर लागलेला असतो. पहिल्या आठवड्यात मात्र ११ ते ११:२५ एवढंच कर. पंचवीसचा आकडा तू पोमोडोरोमुळे ऐकला असशील, म्हणजे पंचवीस मिनिटं काम आणि मग छोटी सुट्टी अशी पद्धत, फ्रांचेस्को सिरिल्लो या इटालियन माणसाने १९८०च्या दशकात कॉलेजात असताना स्वयंपाकघरातला टोमॅटोच्या आकाराचा टायमर लावून अभ्यास केला, पोमोडोरो म्हणजे टोमॅटो, त्याच्यावरून नाव पडलं. त्यात जादू काही नाही, पण पंचवीस मिनिटं म्हटलं की मशीन, मासे, फोन सगळं थांबू शकतं, आणि तीन तास म्हटलं की यातलं काहीच थांबत नाही. दुसऱ्या आठवड्यात पन्नास कर, हवं तर मध्ये दहा मिनिटं सोडून दोनदा.

बसल्या बसल्या काय सांगायचं हे नीट बघ, कारण बहुतेक जणी इथेच घसरतात. ‘मॅन्युअल करणारे’ असं सांगितलंस तर ते कधी संपलं कळणारच नाही. ‘पान २३ ते २६, तक्ता सोडून’ असं सांग. चॅटमध्ये टाइप करून ठेव, म्हणजे शेवटी समोरच दिसतं. आणि सव्वीसपर्यंत पोचली नाहीस तर ‘चोवीसवर आहे’ एवढंच म्हणायचं, कारणं द्यायची नाहीत. सॉरी तर अजिबात नाही.

हे मी एवढं ठासून सांगतेय कारण माझी पहिली जोडीदारीण यातच गेली. स्वभावाने चांगली होती पण तिला मास्तरकीची हौस, रोज शेवटी विचारायची की का नाही झालं, उद्या किती करणार, आणि मग ते वहीत लिहून ठेवायची. चौथ्या दिवशी मी तिला नऊ पानं झाली म्हणून सांगितलं, झाली होती पाच. पन्नाशीला आलेली बाई, स्वतःच्या कामाबद्दल शाळेतल्यासारखं खोटं बोलली, तेव्हाच मी ओळखलं की हे चालायचं नाही. समोरच्या माणसाने तुझी हजेरी घ्यावी, निकाल त्याच्याकडे द्यायचाच नाही. तू अकराला आलीस, बसलीस, फाइल उघडी होती, एवढ्यापुरतंच तू त्याला बांधील. पानं किती झाली हे तुझं आणि क्लायंटचं.

ग्रुप काढायचा मोह होईल तुला. आम्हीही काढला होता, पाच जणी, नाव बीव ठेवलं, डीपी लावला. पहिला आठवडा झकास. दुसऱ्या आठवड्यात सुरुवातीच्या दोन मिनिटांची वीस झाली. पुढे दिवाळी आली आणि एकीने कॅमेरा गॅसकडे वळवून विचारलं, चकलीची भाजणी इतपत भिजली तर चालेल का, त्यानंतर त्या ग्रुपवर काम असं झालंच नाही, चकल्या मात्र सगळ्यांच्या खुसखुशीत झाल्या. तेव्हा दोघीच बरं, फार तर तिघी.

आता चिपळूणचं. पावसाळ्यात लाइट जाणार, रेंज जाणार, हे धरूनच चाल. वायफाय असेल तर राउटरला लावायचा छोटा यूपीएस मिळतो, लाइट गेली तरी तेवढा वेळ निभतं. मोबाइलच्या डेटावर बसणार असशील तर व्हिडिओ कॉल तासाला अर्धा जीबी सहज खातो, एचडी असला तर त्याच्या दुप्पट-तिप्पट, म्हणजे रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये दुपारीच ठणठणाट. मीटच्या सेटिंगमध्ये व्हिडिओची क्वालिटी सगळ्यात खाली आण, दोन्ही बाजूंची, तुझा चेहरा जरा धुरकट दिसला म्हणून भाषांतर बिघडत नाही. ओळखीची असेल तर चेहराही नको, कॅमेरा हातांवर आणि वहीवर ठेवा, मला तर तेच जास्त आवडतं. लाइट गेली तर काय हे आधीच ठरवून ठेवा, आमच्यात नुसतं ‘लाइट’ असा एक शब्द मेसेज करायचा, पुढे चौकशी नाही. काही न कळवता दांडी मारायची नाही मात्र, समोरची स्वतःचा वेळ काढून बसलेली असते, उन्हाळ्यात पापड लाटायला शेजारीण आपल्याकडे येऊन गेली की तिच्याकडे आपल्याला जावंच लागतं ना, तसंच.

अनोळखी लोकांबरोबर बसायला लागलीस की मागे कोरी भिंत घे, मुलीचा फोटो, घराची पाटी असलं काही दिसू देऊ नकोस, नाव पहिलंच सांग, नंबर कुणाला द्यायचा नाही. कुणी वेडंवाकडं बोलला तर शिष्टाचार पाळत बसू नकोस, कॉल कट कर आणि तिथेच तक्रार कर. आणि स्क्रीन शेअर करायचीच नाही, क्लायंटच्या फाइली आहेत त्या, गोपनीयतेच्या कागदावर तू सही केलेली असशील.

सासूबाईंचं सोपं आहे. ‘काम करतेय’ म्हणू नकोस, ‘मीटिंग आहे’ म्हण. घरात बाईच्या कामाला किंमत नसते पण मीटिंगला असते, हे मी का म्हणून विचारायचं केव्हाच सोडलंय, वापरून घेते. आमच्याकडे माझ्या सासऱ्यांनी एकदा दारावर आलेल्या वर्गणीवाल्यांना ‘सूनबाई मीटिंगमध्ये आहेत’ असं सांगून घालवलं होतं, आतमध्ये मी आणि मिरजेची दोघी गप्प बसून आपापलं वाचत होतो. दोनचार दिवसांनी सासूबाईंना एकदा स्क्रीन दाखवच, समोर एक बाई मान खाली घालून लिहितेय आणि कुणी काही बोलत नाहीये हे बघितल्यावर त्या स्वतःच म्हणतील, शी, हे काय भेटणं.

एक मात्र मोकळेपणाने विचारते. तू घेतलेलं काम तीन तासांत बसणारं आहे का? दर इतका कमी लावला असशील की महिनाभराचे पैसे जमवायला रोज सहा तास लागतात, तर रात्री अकराचं काम चुकत नाही, मग समोर कुणीही बसव. दोन आठवडे ११ ते १२ ची पानं एका वहीत लिही, रोजची. मग त्या आकड्यावरून बघ की पुढच्या क्लायंटला तारीख कुठली द्यायची आणि दर कुठला सांगायचा. मला वाटतं तुला खरा उपयोग या वहीचाच होईल, कारण तेव्हा पहिल्यांदा तुला कळेल की एका तासात तुझं नक्की होतं किती.

आजच्या आज एकीला मेसेज टाक, फार समजावत बसू नकोस, समजावायला गेलं की ती विचार करून सांगते म्हणते. एवढंच लिही : ‘उद्या ११ ते ११:२५ मीटवर बसशील का? बोलायचं नाही, तू तुझं कर मी माझं.’ लिंक सोबतच दे. आणि मासेवालीला सांगून ठेव, उद्यापासून बारानंतर ये म्हणावं. तोवर तिचे बांगडे संपले तर संपले, एखाद दिवस डाळीवर भागवा.

– तुझी ताई